सुईची साक्ष

बोटात काटा रुतला की रक्ताचा थेंब दिसतो आणि पाहणारा आपोआप कळवळतो. अंगात ताप असला की पारा वर चढतो. हाड मोडले तर क्ष-किरणांच्या चित्रात पांढऱ्या हाडावर काळी चीर उमटते. अशा दुखण्यांना साक्षीदार असतो, आणि साक्षीदार असलेल्या दुखण्याची विचारपूस करणे कोणालाच जड जात नाही. शेजारी फळे घेऊन येतात, घरची माणसे आवाज हळू करतात, मिस्साच्या वेळी प्रार्थनेत नाव घेतले जाते. परंतु काही दुखणी अशी असतात की, त्यांच्या बाजूने बोलणारे दुसरे कोणी नसते. ज्याला दुखते तोच वादी, तोच साक्षीदार आणि पुष्कळदा तोच आरोपीही.

मानेच्या मणक्यांवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे रेंगाळणारे दुखणे या जातीचे आहे. जखम केव्हाच भरून आलेली असते. गळ्यावरची वळी इतकी बारीक असते की, ती दाखवावी लागते. शल्यविशारद चित्र दिव्यासमोर धरून सांगतात की, हाड उत्तम जुळले आहे, पट्टी व स्क्रू जागच्या जागी आहेत. आणि तरीही तो माणूस म्हणत असतो की, मान दुखते, रात्री कुशीवर वळता येत नाही, डोक्याच्या मागच्या बाजूने कळ वर चढते. अशा वेळी घरात जी शांतता पसरते ती सहानुभूतीची नसते. ती हिशेबाची असते. एवढा खर्च झाला, डॉक्टर म्हणतात सर्व ठीक आहे, मग हे दुखते कुठे?

मला विचार करावयाचा आहे तो या शांततेचा. जी वेदना मला दिसत नाही तिच्यावर विश्वास ठेवणे हा माझ्या मनाचा मोठेपणा आहे, की ते त्या दुखणाऱ्या माणसाचे माझ्याकडे असलेले देणे आहे? आणि अलीकडच्या काळात वैद्यकाने या वादात एक नवा साक्षीदार आणून उभा केला आहे. तो म्हणजे मणक्याच्या सांध्यापाशी नेऊन टेकवलेली सुई. तिची साक्ष कोठवर ग्राह्य धरावी, हाही प्रश्न त्यालाच जोडून येतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मानेत सात मणके. दोन मणक्यांमधली चकती सरकली किंवा झिजली आणि तिने हाताकडे जाणारी नस अथवा मज्जारज्जू दाबला, तर ती चकती काढून तेथे हाड बसवावयाचे व दोन्ही मणके एकमेकांस जोडून टाकावयाचे, ही शस्त्रक्रिया गळ्याच्या पुढच्या बाजूने करण्याची रीत अमेरिकेत रॉबिन्सन व स्मिथ यांनी १९५५ साली प्रसिद्ध केली. १९५८ मध्ये क्लॉवर्ड यांनी तिचाच एक वेगळा प्रकार मांडला. हातात उतरणारी कळ, बधिरपणा, बोटांतील अशक्तपणा यांवर ही शस्त्रक्रिया चांगली लागू पडते, आणि तिच्यामुळे असंख्य माणसे पुन्हा कामाला लागली आहेत, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कोणी शस्त्रक्रियेला भिऊन मज्जारज्जू दाबला जाऊ देऊ नये.

पण हात सुटला तरी मान सुटतेच असे नाही. याची कारणे अनेक. नस फार दिवस दाबली गेलेली असेल तर तिला झालेली इजा दाब काढल्यावरही उरते. स्नायू दुखावलेले असतात. कधी मूळ दुखणे चकतीचे नसतेच, मागच्या बाजूच्या लहान सांध्यांचे असते, आणि शस्त्रक्रिया मात्र चकतीवर झालेली असते. शिवाय दोन मणके एकजीव झाले की, त्यांच्या वाटची हालचाल वरच्या व खालच्या मणक्यांना करावी लागते. एकत्र कुटुंबात एक भाऊ अंथरुणाला खिळला की बाकीच्यांवर नांगर पडतो, तसेच हे. १९९९ साली हिलिब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३७४ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. शेजारच्या मणक्यांत नवे, लक्षणे देणारे दुखणे दर वर्षी सरासरी २.९ टक्के रुग्णांत उद्‌भवले, आणि दहा वर्षांच्या काळात सुमारे चौघांपैकी एकाला ते होईल असा अंदाज त्यांनी काढला. त्यातले जोडणीमुळे किती व वयोमानाने किती, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. या सर्वांवर आणखी एक गोष्ट अशी की, दीर्घकाळ दुखत राहिलेल्या शरीरात मज्जासंस्थाच हळवी होते. चोर निघून गेला तरी कुत्रे रात्रभर भुंकत राहावे, तसे काहीसे होते. तीन महिन्यांच्या पलीकडे टिकलेल्या वेदनेला वैद्यक आता जुनाट वेदना असे स्वतंत्र नाव देते, ते याच कारणाने.

आता चित्राच्या साक्षीविषयी. आपल्याकडे एमआरआयच्या कागदाला जवळजवळ शपथपत्राचे मोल आले आहे. ‘एमआरआय स्वच्छ आहे’ म्हटले की रुग्णाचे तोंड बंद होते. परंतु जपानमध्ये ज्यांना मानेचा कसलाही त्रास नव्हता अशा १,२११ निरोगी स्वयंसेवकांच्या मानेची अशी चित्रे घेण्यात आली, तेव्हा ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे चित्रात दोष आहे आणि वेदना नाही, अशी माणसे आपल्या अवतीभवती सुखाने वावरत आहेत. मग चित्रात दोष नाही आणि वेदना आहे, असे म्हणणाऱ्यालाच आपण खोटा का ठरवावे? जो साक्षीदार एका बाजूने इतका चुकतो त्याच्या शब्दावर दुसऱ्या बाजूने माणसाला फाशी देता येत नाही.

येथे सुई येते. ज्यांना मणक्याची इंजेक्शने असे आपण सरसकट म्हणतो त्यांचे प्रकार निरनिराळे आहेत. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत स्टेरॉइड सोडतात ते एक. ते मुख्यतः हातात उतरणाऱ्या कळीसाठी. दुसरे म्हणजे मानेच्या मागील बाजूस प्रत्येक मणक्याला जे लहान लहान सांधे असतात त्यांच्या नसा बधिर करणारे. रुग्णाला कुशीवर किंवा पालथे झोपवतात, क्ष-किरणांच्या यंत्राखाली हाड पाहत पाहत बारीक सुई त्या नसेपाशी नेतात आणि अर्ध्या मिलिलिटरहूनही कमी औषध सोडतात. थोड्या वेळाने रुग्णाला मान हलवावयास सांगतात. दहापैकी किती दुखत होते, आता किती दुखते? सहाचे एक झाले, तर वेदनेचा उगम त्या सांध्यात असावा असा तर्क करतात.

हे इंजेक्शन खरे तर उपचार नव्हेच. ती चौकशी आहे. आणि या चौकशीची रीत ज्यांनी कसोशीने घडवली त्या ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथील बॉगडक, बार्न्सली, लॉर्ड प्रभृती संशोधकांना लवकरच असे आढळले की, एका सुईची साक्षही फसवी असते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात एकदाच दिलेल्या इंजेक्शनाने आराम वाटलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचा आराम दुसऱ्या कसोटीला उतरला नाही. म्हणून त्यांनी दोन वेगवेगळ्या दिवशी दोन वेगवेगळी औषधे देण्याचा आग्रह धरला. लिग्नोकेनचा अंमल थोडा वेळ टिकतो, ब्युपिवाकेनचा अधिक वेळ. कोणत्या दिवशी कोणते औषध हे रुग्णाला ठाऊक नसते. आराम त्या त्या औषधाच्या मुदतीप्रमाणे टिकला तर साक्ष मान्य.

या पद्धतीचा विचार करू लागलो की मन थोडे अवघडते. आजारी माणूस विश्वासाने मान पुढे करतो, आणि आपण त्याला न कळेल अशा रीतीने त्याच्या बोलण्याची उलटतपासणी करतो. हे न्याय्य आहे काय? मला वाटते, आहे. पण एका अटीवर. अशी कसोटी घेतली जाणार आहे आणि ती त्याच्या प्रामाणिकपणाची नसून सांध्याची आहे, हे त्याला आधी स्पष्ट सांगितले पाहिजे आणि त्याने खुशीने होकार दिला पाहिजे. चुकीच्या सांध्याची नस जाळली जाण्यापेक्षा दोनदा टोचून घेणे बरे, हे सामान्य माणसाला सहज पटते. अट पाळली नाही तर मात्र तीच सुई वकिलाच्या प्रश्नासारखी होते.

आणि गफलत होते ती नेमकी येथेच. सुईने दुखणे थांबले नाही, तर त्याचा अर्थ एवढाच की, त्या दिवशी बधिर केलेल्या त्या एका नसेतून ते दुखणे येत नव्हते. मानेत सांधे अनेक आहेत, स्नायू आहेत, चकत्या आहेत, दुखावलेल्या नसा आहेत. परंतु घरी परतलेल्या रुग्णाविषयी जे बोलले जाते ते असे नसते. माझ्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. मानेचे दोन मणके जोडून घेतल्याला त्यांना चार वर्षे झाली. पहिल्या इंजेक्शनाने काहीच फरक पडला नाही, तेव्हा त्यांचे थोरले दीर सहज बोलून गेले, ‘बाई, आता तर डॉक्टरांनी सुई घालूनसुद्धा पाहिले!’ त्या वाक्यात दुष्टपणा नव्हता. पण त्या दिवसापासून बाईंनी घरात मानेचे नाव काढणे सोडले. पुढे दुसऱ्या सांध्याशी दिलेल्या इंजेक्शनाने त्यांना सहा-सात तास इतका आराम पडला की, त्यांनी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचे डबे स्वतः काढून पुसले. तेव्हा त्याच दिरांनी मोठ्या आनंदाने सर्वांना सांगितले की, बाईंचे दुखणे खरे होते. त्यांना बरे वाटले असेल, असे आपल्याला वाटेल. बाई मला म्हणाल्या, ‘चार वर्षे मी सांगत होते ते कुणाला पुरले नाही. सुईने एका सकाळी सांगितले ते पुरले.’

या वाक्याने मला पुष्कळ विचार करावयास लावले. सुई सांध्याविषयी साक्ष देऊ शकते. माणसाविषयी देऊ शकत नाही. बाई सुईच्या आधीही तितक्याच खऱ्या होत्या, आणि दुसरीही सुई अयशस्वी ठरली असती तरी तितक्याच खऱ्या राहिल्या असत्या.

याउलट बाजूनेही हीच चूक होते. समजा, औषधाऐवजी नुसते मिठाचे पाणी टोचले आणि तरी रुग्णाला आराम वाटला. लगेच निष्कर्ष काढला जातो: बघा, सारे मनाचे खेळ! वस्तुतः बनावट औषधाने आराम पडणे ही खोटेपणाची खूण नाही, हे वैद्यक फार पूर्वीपासून जाणते. हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर गंभीर जखमी झालेले सैनिक पाहिले. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश सैनिकांनी विचारल्यावर मॉर्फिन नको म्हणून सांगितले. जखम उघडी होती आणि वेदना मात्र सहन होण्याजोगी होती, कारण त्या जखमेचा त्यांच्या लेखी अर्थ होता: आता घरी जावयाचे. बीचर यांनी हे निरीक्षण १९४६ मध्ये प्रसिद्ध केले. त्या सैनिकांना आपण ढोंगी म्हणत नाही, शूर म्हणतो. मनाचा शरीरावर अंमल चालतो हे सैनिकाच्या बाबतीत शौर्य ठरते आणि मान दुखणाऱ्या बाईच्या बाबतीत नाटक, हा भेदभाव कोणत्या नीतिशास्त्रात बसतो? जाता जाता हेही सांगावेसे वाटते की, आपल्या घरांत पुरुषाच्या कमरेची कळ आणि सुनेच्या मानेची कळ एकाच तराजूत तोलली जात नाही. सासऱ्यांच्या कमरेसाठी बाम येतो. सुनेच्या मानेसाठी सल्ला येतो.

ईयोबाची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्याचे मित्र आले, त्याची दशा पाहून रडले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. तोवर ते मित्रच होते. बिघडले ते त्यांनी बोलण्यास आरंभ केल्यावर. हे दुःख ईयोबावरच का आले याचे कारण ते त्याच्याच ठायी शोधू लागले, आणि पाहता पाहता सांत्वनाला आलेल्यांचे न्यायाधीश झाले. आपणही रुग्णाजवळ सात मिनिटे निमूट बसत नाही. ‘उशी बदला’, ‘विचार करू नका’, ‘माझ्या मेहुण्याला तर अमक्याच्या तेलाने गुण आला’ असे सुरू होते. त्यात सद्‌भावना असते. पण तिच्या पोटी एक आरोप दडलेला असतो की, तुम्ही काहीतरी करीत नाही म्हणून दुखते.

तथापि विश्वास ठेवणे म्हणजे मागेल ते देणे नव्हे. हे दोन प्रश्न निराळे आहेत. ते एकत्र केल्याने रुग्णाचेही नुकसान होते. वेदना खरी आहे यावरून अमुक इंजेक्शन योग्य आहे असे सिद्ध होत नाही. किंबहुना ज्याचे दुखणे आपण खरे मानतो त्याला निरुपयोगी उपचारापासून वाचवणे हे आपले अधिकच कर्तव्य ठरते.

त्या इंजेक्शनांची पुराव्यानिशी परीक्षा केली तर चित्र संमिश्र दिसते. मानेच्या सांध्यात स्टेरॉइड घातल्याने जुनाट दुखणे जाईल, ही आशा १९९४ सालीच मावळली. न्यूकॅसलच्या त्याच संशोधकांनी मोटार-अपघातानंतर मान दुखणाऱ्या ४१ रुग्णांपैकी काहींच्या सांध्यात स्टेरॉइड व काहींच्या सांध्यात नुसते बधिरीकरणाचे औषध घातले. निम्मे दुखणे परत येण्यास पहिल्या गटात तीन दिवस व दुसऱ्यात साडेतीन दिवस लागले. १९९६ मध्ये मात्र त्यांनी वेगळा परिणाम दाखविला. काटेकोर कसोटीने निवडलेल्या २४ रुग्णांपैकी १२ जणांच्या सांध्यांच्या नसा रेडिओलहरींच्या ८० अंश उष्णतेने भाजण्यात आल्या, आणि उरलेल्या १२ जणांवर तीच क्रिया उष्णता न देता करण्यात आली. निम्मे दुखणे परत येण्यास खोट्या उपचाराच्या गटात ८ दिवस लागले, खऱ्या उपचाराच्या गटात २६३. हेही सर्व अपघातग्रस्त होते, शस्त्रक्रिया झालेले नव्हते. तेव्हा हे आकडे जोडलेल्या मानेला जसेच्या तसे लावता येत नाहीत. प्रामाणिक डॉक्टर ही गोष्ट रुग्णाला सांगतो.

पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात एका आंतरराष्ट्रीय मंडळाने, ज्यात वेदनाग्रस्त माणसेही सभासद होती, पाठ व मान यांच्या जुनाट दुखण्यासाठी स्टेरॉइडची इंजेक्शने, सांध्यांच्या नसा बधिर करणे अथवा जाळणे या बहुतेक उपायांविरुद्ध स्पष्ट शिफारस केली. कर्करोगाचे किंवा दाहक संधिवाताचे दुखणे त्यातून वगळले होते. वेदनातज्ज्ञांच्या अनेक संघटनांनी त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांची नीट पारख न करता केलेले प्रयोग आणि पारख करून केलेले प्रयोग यांची एकत्र गोळाबेरीज झाली, असे त्यांचे म्हणणे. माझ्यासारख्या सामान्य माणसाने या वादात निवाडा देऊ नये. पण एवढे कळते की, जेथे जाणत्यांचे असे दोन तट आहेत तेथे कोणीही ‘हे इंजेक्शन घ्या, मान मोकळी होईल’ असे छातीठोकपणे सांगणे सत्याला धरून नाही.

धोक्यांविषयीही असेच. ते विरळ आहेत, पण क्षुल्लक नाहीत. २०१२ साली अमेरिकेत एकाच औषधनिर्मितिगृहातून आलेले स्टेरॉइड बुरशीने दूषित निघाले. इंजेक्शने घेतलेल्यांपैकी ७५३ जण आजारी पडले, त्यांतले ६४ दगावले. तो दोष सुईचा नव्हता, अस्वच्छतेचा होता, हे खरे. परंतु एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मज्जारज्जूभोवतीच्या पोकळीत दिलेल्या स्टेरॉइडमुळे क्वचित दृष्टी जाणे, पक्षाघात, मृत्यू असे प्रसंग ओढवल्याची ताकीद दिली ती दूषित औषधामुळे नव्हे, तर स्वच्छ औषधाबद्दल. मानेचा भाग तर विशेष नाजूक. तेथल्या बारीक रक्तवाहिन्या मेंदूकडे व मज्जारज्जूकडे जातात.

येथे डॉक्टरांच्या शब्दांचा नैतिक प्रश्न येतो. ‘बरे वाटेल’ आणि ‘बरे होईल’ यांत मराठीत एकाच क्रियापदाचा फरक आहे, पण त्या फरकावर कुटुंबे पैसे उभे करतात, सोने गहाण टाकतात. दर तीन महिन्यांनी एक असा आशेचा हप्ता घेत राहणे हा व्यवहार कोठे ना कोठे सुरू असतो, आणि रुग्णही त्यात सामील असतो, कारण हप्ता बंद केला तर आशा बंद होईल अशी त्याला भीती वाटते. परंतु या व्यवहाराची चीड येऊन काही जण दुसरे टोक गाठतात. ते म्हणतात की, जो आराम संपणार तो आराम खोटा. हे मला मान्य नाही. दोनशे त्रेसष्ट दिवस म्हणजे जवळजवळ नऊ महिने. तेवढ्या अवधीत सून बाळंत होते. तेवढ्या अवधीत मुलाचे दहावीचे वर्ष पार पडते. नस पुन्हा वाढते आणि दुखणे परत येते, हे खरे. भूकही जेवल्यानंतर परत येते, म्हणून कोणी अन्नाला फसवणूक म्हणत नाही. तात्पुरतेपणा हे असत्य नव्हे. तो लपविणे हे असत्य.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना ‘दुखणे जाईल का?’ हा प्रश्न विचारून काही निष्पन्न होत नाही. बाईंनी तिसऱ्या वेळी जे विचारले ते मला शहाणपणाचे वाटले. हे इंजेक्शन माझे दुखणे कुठले हे शोधण्यासाठी आहे की कमी करण्यासाठी? कमी झाले तर साधारण किती दिवस? आणि मी ते घेतले नाही तर काय बिघडेल? डॉक्टर तरुण होते. त्यांनी उत्तर देण्यापूर्वी थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘बिघडणार काही नाही. तुम्हाला त्या दिवसांत काय करायचे आहे?’ बाईंना नातीच्या प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या मिस्साला पूर्ण वेळ बसावयाचे होते, आणि रोज अर्धा तास वाचावयाचे होते. दहापैकी शून्य दुखणे त्यांनी मागितलेच नाही.

आता सोसण्याविषयी. आपल्या समाजात हा शब्द फार जड आहे, आणि तो हलक्या हाताने वापरला जातो. दुखणे देवाने दिले आहे, तेव्हा ते सुईने घालवणे म्हणजे श्रद्धेत उणेपण, असा समज अजूनही काही घरांत आढळतो. या प्रश्नाचा निवाडा पूर्वीच झालेला आहे. इटलीतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९५६ च्या आपल्या अधिवेशनात तीन प्रश्न काढून पोप पायस बारावे यांच्यापुढे ठेवले. त्यांतला पहिलाच असा होता की, श्रद्धेपोटी वेदनाशामक नाकारून शारीरिक दुःख स्वीकारणे हे सर्वांचे नैतिक कर्तव्य आहे काय? २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोपमहाशयांनी उत्तर दिले. असे सर्वसाधारण बंधन नाही. कोणी स्वेच्छेने दुःख स्वीकारले तर त्याचा मान राखावा. परंतु वेदना पुष्कळदा माणसाला खचवते, त्याची प्रार्थना व त्याचे काम यांच्याआड येते, आणि ती दूर करणे उचित असू शकते, असा त्यांच्या उत्तराचा आशय.

येथे ‘स्वेच्छेने’ हा शब्द सर्व काही ठरवतो. स्वतःच्या दुःखाला अर्थ देण्याचा अधिकार ज्याचे त्याला आहे. दुसऱ्याच्या दुःखाला बाहेरून अर्थ चिकटवण्याचा अधिकार कोणालाच नाही. क्रूस खांद्यावर घेणे आणि दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवणे या भिन्न गोष्टी आहेत. आपल्या मानेला काहीही होत नसताना दुसऱ्याच्या मानेबद्दल ‘अर्पण करा’ असे सांगणे फार सोपे असते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी दुःखाच्या अर्थावर जे पत्र लिहिले त्याच्या अखेरीकडे ते चांगल्या शमरोन्याकडे वळतात, म्हणजे दुःखाचा अर्थ सांगता सांगता वाटेत थांबणाऱ्या माणसाकडे येतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मात्र त्या शमरोन्याचे काम एका परीने सोपे होते, असे मला नेहमी वाटते. वाटेवर पडलेल्या माणसाच्या जखमा उघड्या होत्या. तेल व द्राक्षारस कोठे ओतावयाचा हे दिसत होते. जखम दिसत नसती, तो माणूस उठून बसलेला असता आणि केवळ ‘मान दुखते’ म्हणाला असता, तर कोण थांबले असते?

वेदनेच्या वैद्यकाचा पाया ज्याने घातला त्या जॉन बोनिका यांची हकिगत या संदर्भात सांगण्याजोगी आहे. सिसिलीजवळच्या एका लहान बेटावर १९१७ मध्ये जन्मलेला हा मुलगा अमेरिकेत गेला, आणि वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी तोंडावर मुखवटा चढवून व्यावसायिक कुस्त्या खेळला. पुढे तो भूलतज्ज्ञ झाला. महायुद्धात लष्करी इस्पितळात काम करताना त्याच्यापुढे असे सैनिक येऊ लागले की, ज्यांच्या जखमा भरल्या होत्या पण दुखणे भरले नव्हते. एकटा भूलतज्ज्ञ त्यांना पुरा पडत नाही, एकटा शल्यविशारदही नाही, हे त्याने ओळखले. १९५३ साली त्याने वेदनेच्या उपचारांवर प्रचंड ग्रंथ लिहिला, आणि पुढे सिएटल येथे मज्जाशल्यविशारद, परिचारिका व इतर जाणकार यांना एकत्र आणून असा दवाखाना उभा केला की, जेथे निरनिराळे तज्ज्ञ एकाच रुग्णाचा एकत्र बसून विचार करीत. त्याच्याच पुढाकाराने १९७३ मध्ये वेदनेचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संघटना आकाराला आली. कुस्त्यांनी मोडलेले त्याचे स्वतःचे शरीर मात्र आयुष्यभर दुखत राहिले. त्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. रुग्णांसमोर तो ते दाखवत नसे. १९९४ साली तो वारला.

त्या संघटनेने १९७९ मध्ये केलेली वेदनेची व्याख्या २०२० साली सुधारली, तेव्हा व्याख्येखाली काही स्पष्टीकरणे जोडली. त्यांतील एकाचा आशय असा की, एखादी व्यक्ती आपल्याला वेदना होत असल्याचे सांगते तेव्हा तिच्या सांगण्याचा मान राखला गेला पाहिजे. आणखी एकाचा असा की, सांगता येत नाही यावरून वेदना नाही असे ठरत नाही. शास्त्रज्ञांच्या मंडळाला हे वाक्य लिहून ठेवावे लागले. त्यात चित्राची अट नाही, रक्ताच्या थेंबाची नाही, आणि सुईचीही नाही.